डिन रेलवरचा इथरनेट स्विच : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कारखान्यातील पॅनेलमध्ये, डिन रेलवर (उपकरणे अडकवण्याच्या धातूच्या पट्टीवर), इथरनेट स्विच (यंत्रांच्या डेटा केबल एकत्र जोडणारे खोके) बसवण्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे लांबलचक होती, म्हणून त्यांतील मुद्दा तेवढा ठेवला आहे. उत्तरांतील आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या हातातील स्विचच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेतलाच प्रमाण मानावा.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात गव्हाण, मिल हाउस, बॉयलिंग हाउस आणि सहवीजनिर्मिती या चारही ठिकाणचे पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) यंदाच्या बंद हंगामात एका जाळ्यात जोडायचे आहेत. आजवर कार्यालयात वापरतात तसले प्लास्टिकचे छोटे स्विच पॅनेलच्या तळाशी ठेवून काम भागवले. मात्र दर गळीत हंगामात त्यांतील दोन-तीन बंद पडतात. आता धातूच्या खोक्यातले औद्योगिक स्विच घेतले आहेत. ते नेमके कसे बसवावेत?
– उपकरण विभागातील एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : जुने स्विच का बंद पडत होते, हे आधी समजून घ्यावे; नाहीतर नव्या स्विचवरही तीच वेळ येईल. कार्यालयीन स्विच बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो आणि त्याला वीज देणारा अडॅप्टर साध्या सॉकेटमध्ये खोचलेला असतो. मिल हाउसच्या हादऱ्यांनी तो अडॅप्टर रोज केसभर सरकतो. पॅनेलमधील हवा ५० अंशांच्या पुढे गेली, की आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे आपले स्विच निकृष्ट होते असे नव्हे, ते चुकीच्या जागी होते.

म्हणून पहिले काम जागा निवडण्याचे. औद्योगिक स्विचवर कमाल ६० किंवा ७५ अंश असा आकडा दिलेला असतो. तो कारखान्यातील हवेचा नव्हे, तर पॅनेलच्या आत स्विचला लागून असलेल्या हवेचा आकडा आहे. पॅनेलमध्ये जिथे स्विच येणार आहे तिथे एक साधा तापमापक टांगून, दार बंद करून, चालू भाराखाली चार तासांनी वाचन घ्यावे. आपला कारखाना आता बंद असल्याने हे वाचन हंगामात पुन्हा घ्यावे लागेल, पण जागेची निवड आजच नीट करता येते. गरम हवा वर चढते, म्हणून स्विच व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण), ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस (डीसी वीज देणारा पुरवठा) यांच्या डोक्यावर कधीही बसवू नये. वर आणि खाली निदान ५० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि वायर डक्टचे झाकण त्याच्या जाळीला टेकणार नाही हे पाहावे. फायबरसाठी जे छोटे एसएफपी मॉड्यूल स्विचमध्ये सरकवतात, त्यांच्याही साध्या आणि औद्योगिक तापमानाच्या अशा दोन जाती असतात. स्विच ७५ अंशांचा आणि मॉड्यूल साधे, अशी जोडी आम्ही अनेक पॅनेलमध्ये पाहिली आहे. तिथे स्विच टिकतो आणि दुवा मात्र दुपारीच तुटतो.

पॅनेलचे दार लावूनही एकदा पाहावे. स्विचचे पोर्ट समोरच्या बाजूला असतील, तर जॅक आणि त्यामागचे केबलचे वळण मिळून पाच-सहा सेंटीमीटर जागा घेतात. दार लागत नाही म्हणून कोणी ते जोराने ढकलते, केबल जॅकच्या मानेपाशीच मुडपते आणि तीन महिन्यांनी ‘पोर्ट खराब’ असा शेरा रजिस्टरमध्ये लागतो. रेल मागे घेता येत नसेल तर स्विच अशा जागी घ्यावा, जिथे दारावर मीटर किंवा पुश बटण यांचा मागचा भाग येत नाही.

आपल्याकडे खरा शत्रू बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा आहे. स्विचचे धातूचे खोके धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी ३० दर्जाचे असले, तरी त्याचा अर्थ अडीच मिलिमीटरपेक्षा जाड वस्तू आत जाणार नाही, एवढाच आहे. भुसा त्यातून सहज जातो आणि दमट हवेत तिथेच चिकटून बसतो. भुसा अडवण्याचे काम पॅनेलचे आहे. पॅनेल आयपी ५४ किंवा त्याहून वरच्या दर्जाचे असावे, न वापरलेल्या ग्लँडच्या (केबल आत घेण्याच्या) भोकांना बूच लावावे आणि पंखा असेल तर त्याची गाळणी धुण्याचे काम देखभालीच्या यादीत नाव घालून कोणाकडे तरी सोपवावे.

आता प्रत्यक्ष बसवणे. रेल ३५ मिलिमीटर रुंदीची हवी. स्विचच्या पाठीवरचा वरचा हुक आधी रेलच्या वरच्या काठात अडकवावा आणि मग खालची बाजू दाबावी. ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर खालची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने खाली ओढून पुन्हा बसवावा आणि हाताने हलवून पाहावा. हादऱ्यांच्या जागी दोन्ही बाजूंना एंड स्टॉपर (स्विच सरकू न देणारे अडसर) लावणे अगत्याचे आहे. बहुतेक पॅनेलची माउंटिंग प्लेट रंगवलेली असते, त्यामुळे रेल आणि प्लेट यांच्यात वीज वाहीलच असे गृहीत धरू नये. स्विचवर अर्थिंगचा वेगळा स्क्रू असतो; त्यातून हिरवी-पिवळी, निदान २.५ चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड तार थेट अर्थ बारला न्यावी. ती शोभेसाठी गोल गुंडाळून ठेवू नये, कारण उच्च वारंवारतेच्या गोंधळाला त्या गुंडाळीतून वाट मिळत नाही. अर्थिंग आधी, मग वीज, मग डेटाच्या केबल, हाच क्रम ठेवावा.

वीजपुरवठा २४ व्होल्ट डीसीचा असेल. लवचीक तारेच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबूनच ती टर्मिनलमध्ये घालावी, आणि स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहावी. पुष्कळ वायरमन उघडी तार पिळून घालतात. एखादी बारीक तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकते आणि पहिल्याच दिवशी फ्यूज जातो. तारेची जाडी निवडताना अंतर विसरू नये. साधा स्विच अर्धा अँपिअरच्या आत घेतो, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. पण केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा, म्हणजे पीओई जातीचा स्विच असेल तर हिशेब बदलतो. समजा तो ७२ वॅट घेतो, पुरवठा ४० मीटर लांब आहे आणि तार ०.७५ चौरस मिलिमीटरची आहे. जाऊन-येऊन ८० मीटर तांब्याचा रोध सुमारे १.९ ओहम होतो. ३ अँपिअरने गुणून साडेपाच व्होल्ट घट येईल असे वाटते, पण व्होल्टेज घटले की हा स्विच तेवढेच वॅट मिळवण्यासाठी जास्त अँपिअर ओढतो, घट आणखी वाढते, आणि शेवटी टर्मिनलवर जेमतेम १५ व्होल्ट उरतात. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर २२ व्होल्टच्या वर मिळतात. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

चार विभागांना जोडणारी केबल मात्र तांब्याची घेऊ नये, ही आमची आग्रहाची सूचना आहे. तांब्याच्या दुव्याची मर्यादा १०० मीटर आहे, त्यांतही ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (जोडणीच्या आखूड केबल) मिळून १० मीटर. गव्हाणीपासून सहवीजनिर्मितीपर्यंत अंतर याहून जास्तच असणार. पण अंतर कमी असते तरी आम्ही फायबरच सुचवले असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाचा पाऊस विजांसह येतो आणि वीज जवळपास पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक क्षणभर हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. त्या इमारतींमध्ये तांब्याची तार असेल तर तो फरक दोन्ही टोकांच्या स्विचमधून आणि पीएलसीमधून मिटतो. काचेच्या धाग्यातून तो जात नाही. उंदरांसाठी पोलादी चिलखताची फायबर घ्यावी लागली, तर ते चिलखत इमारतीच्या प्रवेशापाशीच अर्थिंगला जोडावे, पॅनेलमध्ये आत आणू नये. काचेच्या धाग्यांचे वेष्टन असलेली केबल मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

फायबर मागवताना मल्टिमोड (जाड गाभ्याची) की सिंगलमोड (बारीक गाभ्याची) हे दोन्ही टोकांच्या मॉड्यूलशी जुळवून घ्यावे. १०० मेगाबिटला २ किलोमीटर चालणारी मल्टिमोड फायबर १ गिगाबिटला, ५० मायक्रॉन गाभ्याची असली तरी, ५५० मीटरच्या आसपासच चालते. दुसरे टोक असे, की ‘जास्त ताकदीचे बरे’ म्हणून ४० किलोमीटरचे सिंगलमोड मॉड्यूल ३०० मीटरवर लावले, तर प्रकाश इतका प्रखर पडतो की पलीकडचा रिसीव्हर आंधळा होतो. तिथे मधे ॲटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा तुकडा) घालावा लागतो. फायबरचे टोक डोळ्यासमोर धरून प्रकाश दिसतो का हे कोणीही कधीही पाहू नये. तो प्रकाश बहुधा अदृश्य असतो आणि डोळ्याला इजा करू शकतो.

प्रश्न : आमच्या ग्राहकाने ‘दुहेरी पुरवठा’ आणि ‘फॉल्ट रिले’ (बिघाडाचा इशारा देणारा) जोडून मागितला आहे. एकाच एसएमपीएसवरून दोन्ही टर्मिनलना तारा दिल्या तर चालेल का? आणि रिले नक्की कशाला जोडावा?
– पॅनेल बनवणारे एक उद्योजक, चाकण

उत्तर : तारा दिल्या तर स्विच चालेल, दोन्ही हिरवे दिवेही लागतील, आणि ग्राहकाची फसवणूक होईल, आपला तो हेतू नाही हे पत्रावरून दिसतेच. स्विचमध्ये दोन्ही पुरवठे डायोडमधून एकत्र येतात, त्यामुळे एक गेला तर दुसरा क्षणाचाही खंड न पडता भार घेतो. या सोयीचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा दोन एसएमपीएस वेगळे असतात आणि त्यांचे एसी पुरवठेही वेगळे असतात. प्रस्तुत लेखकाने एका कारखान्यात दोन उत्तम एसएमपीएस शेजारी-शेजारी पाहिले होते; दोघांची फेज एकाच एमसीबीतून आली होती. तो एमसीबी एका पहाटे पडला आणि सगळी लाइन थांबली. एक पुरवठा यूपीएसवरून आणि दुसरा थेट वितरण बोर्डावरून, वेगळ्या एमसीबीतून, अशी रचना ठेवावी. दोन्ही डीसी वाटांवर स्वतंत्र फ्यूज टर्मिनल घ्यावे, म्हणजे एका वाटेतील शॉर्ट दुसरीला ओढून नेणार नाही.

फॉल्ट रिलेविषयी एक गोष्ट नेहमी उलटी समजली जाते. बहुतेक स्विचमध्ये सगळे ठीक असताना हा रिले ओढलेला असतो आणि बिघाड झाला, किंवा स्विचची वीजच गेली, की तो सुटतो. म्हणून संपर्क असा निवडावा, की सगळे ठीक असताना पीएलसीच्या इनपुटवर २४ व्होल्ट असतील आणि बिघाडात ते जातील. मग स्विच मेला, रिलेची तार तुटली किंवा टर्मिनल सैल झाले, तरी इशारा मिळतोच. उलट जोडणीत मेलेला स्विच गप्प बसतो. संपर्काची क्षमता साधारणतः २४ व्होल्ट डीसीला १ अँपिअर एवढीच असते, तेव्हा त्यावरून २३० व्होल्टचा भोंगा थेट वाजवू नये. कोणत्या बिघाडावर रिले सुटावा हे डिप स्विचने (खोक्यावरच्या छोट्या खटक्यांनी) किंवा सेटिंगमध्ये ठरवावे लागते. जिथे दुसरा पुरवठा जोडलेलाच नाही तिथे ‘पुरवठा दोन’चा इशारा चालू राहिला, तर लाल दिवा कायमचा पेटतो आणि लोकांना लाल दिव्याची सवय होते. ही सवय आम्हाला बिघाडापेक्षाही घातक वाटते. पॅनेल सुपूर्द करण्यापूर्वी ग्राहकासमोर एकेक फ्यूज काढून दाखवावा : पिंग (दुवा चालू आहे का हे पाहणारा चाचणी संदेश) चालू राहते, दिवा विझतो, पीएलसीचा इनपुट जातो. या तीन गोष्टी दिसल्यावरच चाचणीच्या कागदावर सही घ्यावी.

प्रश्न : मी २२ वर्षे इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. शील्ड (केबलमधील तारांभोवतीचे धातूचे वेष्टन) एकाच टोकाला अर्थ करायची, हे आम्हाला गुरुजनांनी शिकवले. नवीन मुले इथरनेट केबलची शील्ड दोन्ही टोकांना जोडतात. बरोबर कोण?
– एक ज्येष्ठ तंत्रज्ञ, तारापूर

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याला शिकवलेला नियम मोजमापाच्या ४ ते २० मिलीअँपिअरच्या संकेतांचा आहे. तिथे संकेत संथ असतो आणि त्याला त्रास देतो तो ५० हर्ट्झचा गुणगुणाट. शील्ड दोन्ही टोकांना जोडली तर दोन अर्थिंगमधील फरकामुळे तिच्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो गुणगुणाट मोजमापात उतरतो, म्हणून एक टोक मोकळे ठेवायचे. इथरनेटच्या केबलला त्रास देतात ते व्हीएफडीचे झटके, आणि त्यांची वारंवारता शेकडो किलोहर्ट्झपासून कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत असते. ३० मीटर केबलची एका टोकाला मोकळी सोडलेली शील्ड अडीच मेगाहर्ट्झच्या आसपास अँटेनासारखी वागू लागते. जे अडवायचे तेच ती गोळा करते. शिवाय इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे शील्डमधून फिरणारा थोडासा ५० हर्ट्झचा प्रवाह त्याच्या संकेतात मिसळत नाही.

म्हणून इथरनेटची शील्ड दोन्ही टोकांना जोडावी, आणि तीही शेपटीसारखी पिळून नव्हे, तर धातूच्या जॅकच्या कवचाला किंवा क्लॅम्पला चहूबाजूंनी पक्की बसवून. मात्र याला एक अट आहे, आणि आपल्या गुरुजनांची भीती नेमकी त्या अटीत आहे : दोन्ही पॅनेलचे अर्थिंग एकमेकांना जाड तारेने नीट जोडलेले असले पाहिजे. केबल लावण्यापूर्वी मल्टिमीटरने एका पॅनेलच्या अर्थ बारपासून दुसऱ्या पॅनेलकडून आलेल्या शील्डपर्यंत एसी व्होल्ट मोजावेत. १ व्होल्टहून अधिक दिसले तर शील्ड जोडू नये, आधी अर्थिंग दुरुस्त करावे. ते दुरुस्त होणारच नसेल तर त्या दुव्यासाठी फायबर घ्यावी.

आणि शील्ड कितीही चांगली असली, तरी व्हीएफडीकडून मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या शेजारी इथरनेटची केबल झोपवू नये. निदान २० सेंटीमीटर, जागा असेल तर अर्धा मीटर अंतर ठेवावे; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. एकाच ट्रेमध्ये दोघींना टाकायची वेळ आली तर मधे धातूची पट्टी उभी करून ती अर्थ करावी.

प्रश्न : आमच्या सूतगिरणीत रात्रपाळीत कोणीतरी लोंबकळणारी पॅच कॉर्ड दिसली म्हणून स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचली. तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते. पाच मिनिटांत सगळ्या यंत्रांचे पडदे गोठले. एका केबलने एवढे कसे होते?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ज्याने ती खोचली त्याला बोल लावू नका, त्याने नीटनेटकेपणाच करायला पाहिला होता. दोष रचनेत आहे.

जाळ्यातील काही संदेश ‘सर्वांसाठी’ असतात. एखादा पीएलसी ‘अमुक पत्ता कोणाचा?’ असे विचारतो, तेव्हा स्विच तो संदेश आला त्या पोर्टखेरीज इतर सर्व पोर्टवर पाठवतो. आपल्या पॅच कॉर्डमुळे एका पोर्टवरून बाहेर पडलेला संदेश दुसऱ्या पोर्टवरून परत आत आला, स्विचला तो नवा वाटला आणि त्याने तो पुन्हा सर्वांना पाठवला. इंटरनेटच्या आयपी पाकिटात दर टप्प्यावर घटत जाणारा एक आकडा असतो आणि तो शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे त्याच्या पाकिटात, असा आकडाच नाही. ती फ्रेम कॉर्ड उपसेपर्यंत फिरतच राहते, आणि तिच्यासोबत नंतर आलेल्या सगळ्या. १०० मेगाबिटच्या पोर्टवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १,४८,८०० वेळा जाऊ शकते. यंत्रावरील पडद्याचा किंवा पीएलसीचा बिचारा प्रोसेसर त्यांतील प्रत्येक उघडून पाहतो आणि त्यातच गुदमरतो.

साध्या, म्हणजे अव्यवस्थापित स्विचला हे ओळखता येत नाही. व्यवस्थापित, म्हणजे सेटिंग करता येणाऱ्या, स्विचमध्ये आरएसटीपी (फेरे शोधणारी पद्धत) चालू असेल तर तो फेरा ओळखून एक पोर्ट अडवून ठेवतो. फेरा मुद्दाम ठेवायचा असेल, म्हणजे एक केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने वाट मिळावी असे कडे करायचे असेल, तर एमआरपी ही पद्धत वापरतात. एकाच कड्यातील पन्नास स्विचपर्यंत ती तुटलेली वाट साधारणतः २०० मिलिसेकंदांत बदलते. कड्यात व्यवस्थापक (मॅनेजर) स्विच एकच नेमावा, बाकीचे क्लायंट. आणि क्रम कधीही चुकवू नये : सर्व स्विचमध्ये सेटिंग आधी करावे, ते साठवावे, स्विच बंद-चालू करून सेटिंग टिकले का ते पाहावे, आणि कडे पूर्ण करणारी शेवटची केबल सर्वांत शेवटी लावावी.

स्विच बदलेपर्यंतचा उपाय म्हणून मोकळ्या पोर्टना प्लास्टिकची बुचे लावा आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना ‘कुठून–कुठे’ अशी चिठ्ठी लावा. चिठ्ठी असलेली केबल कोणी सहसा दुसरीकडे खोचत नाही.

प्रश्न : नवीन गिगाबिट कॅमेरा आणि नवीन गिगाबिट स्विच आहे, पण दुवा लागतो-तुटतो, लागतो-तुटतो. केबल टेस्टर सर्व तारा ठीक दाखवतो. केबल पीएलसीसाठी घातलेली हिरवी औद्योगिक केबल आहे.
– एक वाचक, वाळूज

उत्तर : केबलचे टोक सोलून आतल्या तारा मोजा. पिवळी, केशरी, पांढरी, निळी अशा चारच निघतील. प्रोफिनेटची (पीएलसीसाठीच्या औद्योगिक इथरनेटची) ही केबल दणकट आणि फार चांगली आहे, पण ती १०० मेगाबिटसाठी आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात. कॅमेरा आणि स्विच आपसांत वेग ठरवताना फक्त पहिल्या दोन जोड्या वापरतात, त्यामुळे दोघेही ‘गिगाबिट जमेल’ असे सांगतात, मग उरलेल्या दोन जोड्या शोधतात आणि त्या नसल्याने दुवा पाडून पुन्हा सुरुवात करतात. टेस्टर फक्त असलेल्या तारा तपासतो. स्विचच्या त्या पोर्टवर वाटाघाट चालूच ठेवून कमाल वेग १०० मेगाबिट इतका मर्यादित केला, तर दुवा आजच स्थिर होईल. एका कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. गिगाबिटच हवे असेल तर आठ तारांची औद्योगिक केबल घाला. जॅक दाबताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि दाबण्यापूर्वी आठही टोके जॅकच्या पारदर्शक तळाला टेकलेली दिसतात का, ते उजेडात धरून पाहा.

प्रश्न : पीएलसी आणि स्विचमधला दुवा सदैव हिरवा असतो. पिंगही लागते. तरीही स्काडावर (देखरेखीच्या संगणकावर) आकडे अधूनमधून अडकतात, विशेषतः बॅचच्या शेवटी जास्त माहिती जाते तेव्हा. केबल दोनदा बदलली, स्विचही बदलला. आता काय बदलू?
– ऑटोमेशन विभागातील एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : आता काहीही बदलू नका, पीएलसीच्या पोर्टचे सेटिंग उघडून पाहा. आपल्या पत्रातील ‘जास्त माहिती जाते तेव्हा’ हे शब्द फार मोलाचे आहेत. हलक्या भाराला चालणारा आणि जड भाराला अडखळणारा दुवा दिसला, की पहिला संशय डुप्लेक्सवर, म्हणजे दोन्ही टोके एकाच वेळी बोलतात (फुल) की पाळीपाळीने (हाफ) यावर, घ्यावा.

आमचा अंदाज असा, की पीएलसीमध्ये कोणीतरी ‘१०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स’ असे पक्के केले आहे आणि स्विचचा पोर्ट ‘ऑटो’वर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाट करून ठरवण्यावर, आहे. पक्के केलेले टोक वाटाघाटीला उत्तरच देत नाही. स्विचला समोरच्या संकेतावरून वेग १०० आहे हे कळते, पण डुप्लेक्स कळत नाही. आणि नियमाप्रमाणे अशा वेळी त्याने हाफ डुप्लेक्स धरायचे असते. मग पीएलसी एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो, तर स्विच ‘समोरचा बोलत असेल तर आपण थांबायचे’ या रीतीने वागतो. रहदारी थोडी असताना दोघे एकाच वेळी बोलण्याचे प्रसंग क्वचितच येतात, म्हणून पिंग सुरळीत लागते. बॅचच्या शेवटी दोन्हीकडून माहिती धावते, स्विचला टक्कर झाली असे वाटते, तो आपली फ्रेम अर्ध्यात सोडतो आणि पीएलसीला तुटकी फ्रेम मिळते. हिरवा दिवा मात्र तसाच राहतो, कारण त्याला फक्त तार जोडलेली आहे एवढेच ठाऊक असते.

स्विच व्यवस्थापित असेल तर त्याच्या पानावर त्या पोर्टची आकडेवारी उघडा. स्विचच्या बाजूला ‘लेट कोलिजन’ (उशिरा जाणवलेल्या टकरी) आणि पीएलसीच्या बाजूला ‘सीआरसी’ (बिघडलेल्या फ्रेमच्या) चुका वाढत असतील, तर निदान पक्के झाले. दोन्ही टोके ‘ऑटो’वर ठेवा, किंवा पीएलसी जुना असून ‘ऑटो’ नीट पाळत नसेल तर दोन्ही टोके एकसारखी पक्की करा. मोजणी शून्यावर आणून पुढची पूर्ण बॅच जाऊ द्या आणि मग तेच पान पुन्हा उघडा. लेट कोलिजन शून्य असून सीआरसी चुका तरीही वाढल्या, तर मग केबलच्या वाटेवर चालत जा आणि ती कोणत्या मोटरच्या केबलला लागून गेली आहे ते पाहा.